नागपुरातल्या लकडगंजच्या मिस्त्रींनी गाडीत बसवलेला पलंग : 38 दिवस वापरल्यानंतर

तक्रार आधी सांगते, म्हणजे पुढचं कौतुक वाचताना ती डोक्यात राहील. मिस्त्रींनी काम 10 ऑगस्टला देतो म्हटलं होतं. गाडी आमच्या हाती आली 2 सप्टेंबरला. ते एका वेळी एकच काम घेतात आणि मधे कुणाच्या घरचं दार किंवा देव्हारा अडला तर आधी तो करतात. तुम्हाला ठरलेल्या तारखेला निघायचं असेल तर महिनाभर हातचा राखूनच त्यांच्याकडे जा. आमचं निभावलं, कारण आमच्याकडे महालक्ष्म्या असतात आणि त्या उठल्याशिवाय मी घर सोडणार नव्हते. 2024 च्या 14 सप्टेंबरला पहाटे निघालो : हे, मी आणि आमची 2017 ची बोलेरो. जाताना किन्नौर, स्पिती, लाहौल, लडाख. येताना कारगिल, श्रीनगर, जम्मू. घरी पोचलो तेव्हा 5,860 किलोमीटर झाले होते आणि 38 पैकी 23 रात्री आम्ही या पलंगावर काढल्या होत्या.

काम करून घेण्याआधी आणखी दोन ठिकाणी विचारलं होतं. एका ठिकाणी दीड लाख सांगितले आणि तयार नमुन्यांची चित्रं पुढे केली. दुसऱ्या ठिकाणी मागच्या सीटा काढून टाकू म्हणाले. ते आम्हाला नको होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या नोंदलेल्या स्वरूपात असा बदल मनाने करता येत नाही, आणि इतकी राज्यं ओलांडताना प्रत्येक नाक्यावर ती धाकधूक कोण बाळगणार? लकडगंजच्या मिस्त्रींनी गाडीच्या पत्र्याला एक भोक पाडलं नाही. मधली सीट दुमडली, मागच्या दोन बाजूला उचलल्या की त्यावर हा पलंग तीन तुकड्यांत बसतो आणि पट्ट्यांनी आवळला जातो. दोघं मिळून अर्ध्या तासात सगळा उतरवता येतो.

पण मला खरं सांगायचं आहे ते त्यांनी माप कसं घेतलं त्याबद्दल. गाडीचं माप दहा मिनिटांत झालं. मग दुकानात भुसा झाडून पुठ्ठे अंथरले आणि आम्हाला म्हणाले, "साहेब, तुमी अन् वैनी घरी झोपता तसे झोपून दाखवा." लकडगंजात, भर दुपारी, शेजारी आरा चालू असताना. मी संकोचले, पण ते इतक्या गंभीरपणे टेप धरून उभे होते की झोपले. मग एकेक प्रश्न. रात्री कोन उठते? कोनता गुडघा दुखते? मोजे कुठं बसून घालान? हे पाच फूट नऊ इंच, त्यांना बसवून जमिनीपासून डोक्यापर्यंत माप घेतलं, कारण पलंगावर बसता आलं नाही तर तो कामाचा नाही असं त्यांचं म्हणणं. मी खाली जास्त सामान मावावं म्हणून पलंग उंच मागत होते. त्यांनी ऐकलं नाही, चौदा इंचांवर ठाम राहिले. हे रात्री उठतात, म्हणून मागच्या दाराकडची बाजू यांची. माझा डावा गुडघा दुखतो, म्हणून माझ्या बाजूला धरून उठायला सागवानाचा एक दांडा.

12 मिलिमीटरचं प्लाय, खाली सागवानाच्या पट्ट्या, वजन 52 किलो. मला 18 चं प्लाय मजबूत वाटत होतं. ते म्हणाले, वजन गाडीनं ओढायचं आहे, मजबुती पट्ट्यांतून येते. सांध्यांना स्क्रूऐवजी बोल्ट आणि नायलॉक नट वापरले, हादऱ्यांनी सैल होत नाहीत म्हणून. मागचं दार उघडलं की बाहेर ओढायचा ओटा, त्याखाली भांड्यांचा ड्रॉवर. दोन खिडक्यांना डासांच्या जाळीच्या चौकटी. सगळे मिळून 31,500 रुपये. मिस्त्री स्वतः पचमढीच्या पुढे कधी गेलेले नाहीत.

राष्ट्रीय महामार्ग 44 ने सिवनी, सागर, झाशी करत वर गेलो. पहिल्या रात्री झाशीच्या अलीकडे एका ढाब्याच्या आवारात झोपलो, उकाडा नागपूरसारखाच. प्लायला त्यांनी इंच-इंचाची भोकं पाडली होती, गादीखाली वारा खेळावा म्हणून. ती आणि जाळ्या, या दोन गोष्टींमुळे झोप लागली.

वर चढण्यासाठी मनालीऐवजी सिमल्याची बाजू घेतली, ती उंचीच्या हिशेबाने. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटरवर. तिथून आमच्या वयाच्या माणसांनी एकदम साडेचार हजारांवर जाणं बरं नाही. किन्नौरमधून उंची हळूहळू वाढते. कल्पाला तीन रात्री राहिलो, समोर किन्नर कैलास. मग नाको, मग ताबो. ताबोचा मठ 996 सालचा, मातीच्या भिंती, आत अंधारात रंगवलेली चित्रं. त्या मठात मी दोन तास बसले होते. गाडीत पलंग असल्याचा फायदा इथेच कळला : खोली शोधायची घाई नाही, आणि डोकं दुखायला लागलं तर सामान न आवरता खाली उतरता येतं. एकदा तसं उतरलोही. हिक्कीमचं पोस्ट ऑफिस 4,400 मीटरवर आहे. मुलीला कार्ड टाकून तिथेच झोपायचा बेत होता, पण यांचं डोकं धरलं, म्हणून संध्याकाळच्या आत काझाला आलो. तासाभरात बरं वाटलं.

काझापासून पुढे लोसर, कुंझुम खिंड, बातल. बातलच्या पुढे रस्ता म्हणजे दगडगोटे आणि वाटेत वाहणारे ओढे. त्या दिवशी भांड्यांचा ड्रॉवर अडकला. बॉलबेअरिंगच्या चॅनेलमध्ये स्पितीची पिठासारखी धूळ गेली होती. हा दोष मिस्त्रींचा नाही. ते लाकडी पट्ट्यांवर मेणबत्ती घासून सरकणारा खण करत होते, चॅनेलचा आग्रह यांचा होता. सळईने उचकटून कुकर बाहेर काढला. दुसरा दोष मात्र त्यांचाच : ओट्याच्या झडपेला नुसतं लोहचुंबक लावलं होतं. लेहच्या वाटेवर गाटा लूप्स नावाची 21 वळणं आहेत, त्यांत ती उघडली आणि जवसाच्या चटणीची बरणी, तेलाची बाटली, सगळं खाली. तेलाचा तो डाग अजून गाडीत आहे. तिथे साधी कडी हवी होती.

त्याआधीची, त्याच वाटेवरच्या सरचूची रात्र. 5 ऑक्टोबर. उंची 4,290 मीटर. मोसम संपत आला होता, बहुतेक तंबू उठले होते. पलंग नसता तर आम्हाला जिस्पाहून निघताच आलं नसतं. संध्याकाळी गोळाभात करायला घेतला. पाणी तिथे 86 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून उघड्या भांड्यात डाळ शिजतच नाही. आणि कुकरमध्येही हवेचा दाब मुळातच कमी असल्याने आतलं तापमान घरच्यापेक्षा कमी राहतं. घरी चार शिट्ट्यांत होणाऱ्या तूरडाळीला तिथे नऊ लागल्या. ओटा गाडीच्या बाहेर निघत असल्यामुळे सगळं स्वयंपाकाचं काम उघड्यावर, उघडं दार वाऱ्याला आड. बंद गाडीत गॅस किंवा शेगडी पेटवायची नाही, कितीही थंडी असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे मी, हे वाक्य जिथे संधी मिळेल तिथे सांगते.

रात्री बाहेर उणे नऊ होतं, गाडीत उणे चार. उन्हाळ्यासाठी पाडलेली ती भोकं आता वैरी झाली. पलंगाखालून गार हवा पाठीला लागत होती. उठून गादीखाली वर्तमानपत्रांचे थर घातले, त्यावर आईची गोधडी, तेव्हा थांबली. जाळी मात्र उलट कामी आली. दोन माणसांच्या श्वासाची वाफ बंद गाडीत काचेवर गोठते आणि सकाळी अंगावर टपकते. जाळीच्या चौकटीमुळे काच दोन बोटं उघडी ठेवता आली, वाफ बाहेर गेली, पांघरुणं कोरडी राहिली. डासांसाठी केलेली वस्तू जिथे एक डास नाही तिथे उपयोगी पडली.

उंचीवर लघवीला जास्त होते. हे त्या रात्री तीनदा उठले. तीनही वेळा दाराकडून गेले आणि आले, माझ्या अंगावरून ओलांडायची वेळ आली नाही. तिसऱ्यांदा परत आले तेव्हा मी जागी होते. दार लावून म्हणाले, "मिस्त्रीनं विचारलं होतं ना, कोण उठतं म्हणून." मग बराच वेळ आम्ही दोघं त्यांच्याबद्दलच बोलत होतो. सकाळी गॅसची ज्योत बारीक झाली होती, थंडीत सिलिंडरमधल्या ब्यूटेनची वाफ नीट होत नाही. ऊन येईपर्यंत चहा नाही. मी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसले, मोजे घातले, दांडा धरून उठले.

लडाखबद्दल पुष्कळ लिहिलेलं सापडेल, पलंगापुरतं सांगते. तांगलांग ला ही खिंड 5,328 मीटर, तिथून खाली लेहला आलो तोवर एकही नट सैल झाला नव्हता. लेहमध्ये पाना घेऊन यांनी सगळे तपासले. नुब्रात कोरड्या हवेने सागवानाच्या एका सांध्याला केसभर भेग पडली, ती नागपुरात पुढच्या पावसाळ्यात बुजली. श्रीनगरला आलो की पुन्हा महामार्ग 44. हा रस्ता तिथे सुरू होतो आणि आमच्या वर्धा रोडवरून कन्याकुमारीला जातो. दाल सरोवराच्या काठी चहा पिताना हे मनात आलं आणि घराची फार आठवण झाली.

22 ऑक्टोबरला परतलो, दुसऱ्याच दिवशी गाडी घेऊन दुकानात. मिस्त्रींनी आधी भेगेवर नख फिरवलं, मग ड्रॉवर ओढून पाहिला आणि यांच्याकडे बघून काही बोलले नाहीत. चॅनेल काढून टाकलं, लाकडी पट्ट्या बसवल्या, झडपेला कडी लावली. भोकांसाठी प्रत्येकी एक बूच केलं आहे, सागवानाचं, दोरीने बांधलेलं, थंडीत लावायचं. त्याचे पैसे घेतले नाहीत. दुकानाचं नाव लिहू नका म्हणाले, हातात कामं आधीच खूप आहेत. लकडगंजात गाडीत पलंग करणारे मिस्त्री कोण असं विचारलं तर कुणीही दाखवेल.

पुढच्या खेपेला तवांगला जायचं आहे. तिकडे पाऊस आणि दमट हवा, हे सांगितलं तर त्यांनी पेन्सिल कानामागून काढली आणि मला विचारलं, "वैनी, ओले कपडे कुठं वाळवान?"