एनएमआरएची स्टँडर्ड्स गेज : वापरून लिहितोय

मॉडेल रेल्वेची छोटी गाडी रुळावरून घसरायला लागली की बहुतेक जण आधी स्पीड कमी करून बघतात, मग डबा बदलतात, आणि शेवटी सगळं खापर इंजिनावर फोडतात. माझं म्हणणं एकच, आधी मोजा. आणि त्यासाठी एनएमआरएची ही गेज, म्हणजे मापपट्टी, घ्याच. एनएमआरए म्हणजे नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन, १९३५ पासूनची अमेरिकन संस्था, वेगवेगळ्या कंपन्यांची चाकं आणि रूळ एकमेकांशी जुळावेत म्हणून ती मापं ठरवून देते.

वस्तू दिसायला अगदी साधी, स्टीलची पातळ पट्टी, कडेला दात आणि खाचा कापलेल्या. एचओ स्केलला (खऱ्या गाडीच्या १:८७ आकाराचं मॉडेल) दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी असतं, तिथे दात ठेवायचे आणि पट्टी रुळावरून सरकवत न्यायची, अडकली तर रूळ तिथे आवळलाय. पण खरी किंमत वसूल होते ती चाकांच्या खाचांमुळे! चाकं एक्सलवर आत सरकलेली असली तरी सरळ रुळावर गाडी मस्त पळते, सांध्यावर, म्हणजे एका रुळाचे दोन फाटे होतात तिथे, आली की चाकाची आतली बाजू चेक रेलला (मुख्य रुळाच्या आत लावलेल्या आखूड रुळाला) घासते आणि चाक वर चढतं, मग लोक बसतात सांधा उखडत. या पट्टीने दोन मिनिटांत कळतं दोष कुणाचा ते. धातूची चाकं प्लास्टिकच्या एक्सलवर असतील तर दोन्ही चाकं धरून हलकेच पिळत बाहेर ओढायची आणि परत मापायचं, बस.

पट्टी रुळावर उभी धरली की तिच्या बाह्याकारावरून बोगदा, फलाट, सिग्नल गाडीला लागतील का तेही दिसतं. मात्र हे सरळ रुळापुरतंच हां, वळणावर लांब डब्याचा मधला भाग आत येतो आणि टोकं बाहेर जातात, तिथे आपल्याकडचा सगळ्यात लांब डबा हाताने ढकलून बघणं हाच उपाय.

पट्टी धातूची आहे, चालू रुळावर ठेवली की शॉर्ट सर्किट, त्यामुळे पॉवर आधी बंद करा. आणि वजनाचं ती काही सांगत नाही. त्याचा एनएमआरएचा वेगळा हिशोब आहे, एचओ डब्याला मुळात १ औंस, आणि त्यात लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस, म्हणजे ६ इंची डबा ४ औंसांचा, साधारण ११३ ग्रॅम. हलका डबा लांब गाडीत मधे लावला की वळणावर आतल्या बाजूला ओढला जाऊन पडतो, तेव्हा चाकं बरोबर असूनही त्रास होत असेल तर वजनकाटा काढा.

घेताना स्केल नीट बघा. एन या आणखी छोट्या स्केलची पट्टी वेगळी येते, तिथे रूळ ९ मिमीचा. ओओ स्केलवाल्यांचा रूळ १६.५ मिमीचाच असला तरी त्यांचे डबे १:७६ चे, म्हणजे मोठे, त्यामुळे बोगद्या-फलाटाचं माप त्यांनी या पट्टीवरून घेऊ नये.