गडवाटेवर कुत्र्याला धरायची मूठ: रफवेअर वेब मास्टर हार्नेस

दिवाळी उलटली की सह्याद्रीत कुत्र्याला घेऊन फिरायचे दिवस सुरू होतात. कातळावरचं शेवाळ वाळलेलं असतं, ओढे पायी ओलांडता येतात, ऊनही अजून भाजणारं नसतं. पण याच दिवसांत गवत वाळून कुसळं सुटतात आणि पायवाटेवरचा मुरूम मोकळा होऊन घसारा वाढतो. कुत्र्याचा हार्नेस, म्हणजे अंगाभोवती बसणारा पट्ट्यांचा साज, कितपत कामाचा आहे, हे कळायला याहून चांगला काळ नाही.

रफवेअर ही अमेरिकेतल्या ओरेगनची, कुत्र्यांसाठी डोंगरातलं सामान बनवणारी कंपनी. तिच्या वेब मास्टरमध्ये एक पट्टा छाती-मानेभोवती येतो, दुसरा पुढच्या पायांच्या मागून आणि तिसरा त्याहून मागे, बरगड्या संपतात तिथे पोटाखालून. पाच ठिकाणी सैल-घट्ट करता येतो. छातीला आणि पोटाला फोमची गादी आहे, पाठीवर हात नीट मावेल अशी मूठ.

आपल्याकडे या हार्नेसचं खरं मोल तिसऱ्या पट्ट्यात आहे. गावठी कुत्र्याची छाती खोल आणि कंबर बारीक. साधा दोन पट्ट्यांचा हार्नेस घालून त्याला ओढलं की ते मागे सरतं, खांदे आवळतं आणि डोक्यावरून हार्नेस काढून मोकळं होतं. राजमाचीच्या उधेवाडीसारख्या गावात शिरताना समोरून चार कुत्री भुंकत आली, की नेमकं हेच होतं. तिसरा पट्टा छातीच्या मागे, अरुंद भागावर बसतो, त्यामुळे मागे सरलं तरी छाती त्यातून निघत नाही. अट एकच, तो पट्टा नीट बसलेला हवा.

माप वजनावरून घेऊ नये. पुढच्या पायांच्या लगेच मागे, छाती सर्वांत रुंद असते तिथे टेप फिरवावी. ५६ ते ६९ सेंटिमीटरला स्मॉल, ६९ ते ८१ ला मीडियम, ८१ ते १०७ ला लार्ज-एक्सएल. माप सीमेवर आलं तर मोठा घेऊन आवळणं बरं, कारण लहान हार्नेसचा मधला पट्टा काखेत सरकतो. पहिल्यांदा घालताना सगळे पट्टे पूर्ण सैल करावेत, आधी छातीची पट्टी उरोस्थीवर, म्हणजे छातीच्या मधल्या हाडावर, मधोमध आणावी, मग मधला पट्टा, शेवटी पोटाचा. प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं आडवी सहज जायला हवीत. पोटाचा पट्टा शेवटच्या बरगडीवर टेकलेला असावा, त्याच्या मागे मऊ पोटावर नाही. नराच्या बाबतीत हे विशेष पाहावं, पट्टा मागे गेला तर लिंगावर घासतो आणि कुत्रं दर दहा पावलांवर खाली बसू लागतं. घरी अर्धा तास घालून फिरवावं, मग बकलं पुन्हा तपासावीत. गडाच्या पायथ्याशी गाडीतून उतरल्यावर पहिल्यांदा हार्नेस चढवणं हा निव्वळ आळस आहे.

मुठीबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. ती कुत्र्याला पिशवीसारखं उचलायला नाही. कोंडिवड्याहून राजमाचीला चढताना कोंढाणे लेण्यांच्या पुढे जंगलातला चढ लागतो, तिथल्या उंच दगडी टप्प्यांवर तिचा उपयोग दिसतो. कुत्र्याने पुढचे पाय वर टेकवले की एका हाताने मूठ धरायची, दुसरा हात मागच्या मांड्यांखाली घालायचा, आणि ते उडी मारेल त्याच क्षणी आधार द्यायचा. जोर त्याचा, दिशा आपली. उतरताना उलट, मूठ धरून त्याचा वेग रोखायचा. नुसतं मुठीला लटकवलं तर सगळं वजन छातीच्या आणि काखेच्या पट्ट्यांवर येतं, श्वास अडतो आणि पुढच्या वेळी कुत्रं त्या दगडापाशी येऊन बसून राहतं. लोखंडी शिडीवर तर हा प्रयोग करूच नये. पायऱ्यांच्या फटीत नख अडकून तुटतं.

आता उणिवा. छातीवर पुढे लीश (धरायची दोरी) लावायची कडी नाही, दोन्ही जागा पाठीवर आहेत. ओढणारं कुत्रं असेल तर घसाऱ्याच्या उतारावर ते पुढे आणि आपण पाठीवर, असा प्रकार होतो. त्याच कंपनीच्या फ्रंट रेंज नावाच्या हार्नेसला पुढची कडी आहे, पठारावरच्या सरळ वाटेला तो पुरतो आणि अंगावर कमी जागा व्यापतो. वेब मास्टर छाती-पोटाचा बराच भाग झाकतो, म्हणून दुपारी कुत्रं लवकर तापतं. नोव्हेंबरअखेरीस पुण्याकडे पावणेसातच्या सुमारास उजाडतं आणि सहाला दिवस मावळतो. चढ साडेदहापर्यंत संपवावा, दुपारी सावलीत बकलं सोडून हार्नेस काढून ठेवावा. कातळावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेववत नसेल तर पंज्यांनाही तो सोसणार नाही. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हा हार्नेस घालण्याचा प्रश्नच येऊ नये, त्यांना मुळात चढावर नेऊ नये. आणि अंधार पडायच्या आत खाली यावं. बिबट्याच्या दृष्टीने कुत्रं म्हणजे जेवण.

कुसळांचं प्रकरण सगळ्यांत चिवट. कुसळाच्या टोकाला मागे वळलेले बारीक केस असतात, त्यामुळे ते शिरलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. ओल लागली की त्याच्या शेपटीचा पीळ उलगडत फिरतो आणि टोक आणखी आत ढकलतो. हार्नेसच्या फोमच्या कडेला आणि पट्ट्यांच्या शिवणीत ती अडकतात, आणि चालताना काखेच्या पातळ कातडीत टोचत राहतात. कुत्रं अचानक लंगडायला लागलं तर पंजा बघून थांबू नये, काखेतल्या पट्ट्याखालीही बोट फिरवावं. पाऊण तासाच्या प्रत्येक थांब्यावर काख, बोटांमधल्या फटी, कान, डोळ्यांचे कोपरे आणि जांघ तपासावी. बारीक चिमटा खिशात हवा. घरी आल्यावर कुत्रं एकच पंजा चाटत बसलं किंवा डोकं एका बाजूला झटकत राहिलं तर कुसळ आत गेलंय असं समजून पशुवैद्याकडे जावं, कानात स्वतः चिमटा घालू नये. गोचिडांची तपासणी त्याच वेळी होते; गोळी किंवा औषध मात्र आधीच, वजनाप्रमाणे विचारून दिलेलं असावं.

पाण्याचा हिशोब सोपा आहे. वीस किलोच्या कुत्र्याला घरी बसून दिवसाला साधारण एक लिटर लागतं, चढावर त्याच्यासाठी दोन लिटर वेगळं न्यावं आणि थोडं थोडं पाजावं. गडावरच्या टाक्यातलं हिरवं पाणी पिऊ देऊ नये. पंज्यांच्या बुटांवर खर्च करण्याआधी विचार करावा, कातळाच्या गुळगुळीत पायऱ्यांवर अनेक कुत्री बूट घालून जास्तच घसरतात. चिकटणाऱ्या क्रेप बँडेजची एक गुंडाळी आणि कापूस जवळ असला की पंज्याच्या कापलेल्या गादीचं तात्पुरतं भागतं.

कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात, भीमाशंकरही. तिथे कुत्र्याला नेऊ नये. शिस्तीचा प्रश्न आहेच, पण डिस्टेंपरसारखे संसर्गजन्य रोग पाळीव कुत्र्याकडून रानातल्या प्राण्यांत जातात.

किंमत आपल्याकडच्या साध्या हार्नेसच्या कितीतरी पट पडते. महिन्यातून एकदाच पठारावर जाणाऱ्याने ती देऊ नये. दुकानातला मुठीचा स्वस्त हार्नेस घ्यायचा तर मूठ उलटून शिवण बघावी. ती नुसत्या जाळीच्या कापडाला शिवलेली असेल तर शोभेची आहे, पहिल्याच खऱ्या झटक्याला उसवणार. मुठीची पट्टी पोटाखालून फिरणाऱ्या नायलॉनच्या पट्ट्यालाच जोडलेली आणि शिवण चौकोनात फुली अशी हवी. वेब मास्टर घेतलात तर प्रत्येक ट्रेकनंतर कुसळं वेचून, थंड पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवून सावलीत वाळवा. फोम पाणी धरून ठेवतो, ओला हार्नेस डिकीत राहिला तर दुसऱ्या दिवशी वास येतो आणि तोच पुन्हा अंगावर चढवला तर काखेत लाल चट्टे उठतात.