टीएलआर-६ की टीएलआर-८?

टेक्सासमधील माझ्या मामेभावाने परवानगीनिशी घेतलेल्या पिस्तुलासाठी लेझरसह दिवा हवा म्हणून स्ट्रीमलाइट कंपनीचे हे दोन नमुने निवडले आणि तिथेच तो अडला.

पहिला प्रश्न बसवण्याचा. टीएलआर-८ पिस्तुलाच्या पुढच्या रेलवर (नळीखालच्या, उपकरणे बसवायच्या खाचदार पट्टीवर) चिमटा आवळून बसतो. ग्लॉक ४३ सारख्या रेल नसलेल्या छोट्या पिस्तुलासाठी मात्र टीएलआर-६ चे दोन अर्धे भाग ट्रिगर गार्डभोवती (घोड्याभोवतीच्या कडीभोवती) स्क्रूने जोडावे लागतात, त्यामुळे तो त्याच पिस्तुलापुरता उरतो. प्रकाशात तफावत मोठी आहे: टीएलआर-८ चे ५०० लुमेन (प्रकाशाचे एकक), टीएलआर-६ चे १००. अंधाऱ्या खोलीत १०० लुमेन पुरतात, अंगणाच्या टोकाला उभा माणूस ओळखण्यासाठी पुरत नाहीत, आणि समोर कोण आहे हे ओळखणे हेच तर दिव्याचे मुख्य काम. वजनात टीएलआर-६ जेमतेम ३६ ग्रॅमचा, म्हणजे दुसऱ्याच्या निम्माच.

सेलचा विचार सहसा कोणी करत नाही. टीएलआर-८ ला एक सीआर१२३ए लागतो, जो बहुतेक दुकानांत मिळतो. टीएलआर-६ चे दोन बटणाएवढे सेल शोधावे लागतात.

लेझर नळीच्या खाली असल्याने दोन्हींत त्याचा ठिपका ठरावीक अंतरावरच गोळीच्या नेमाशी नेमका जुळतो. शिवाय दिवा लावलेले पिस्तूल मावेल असे होल्स्टर (पिस्तुलाचे म्यान) नवे घ्यावे लागते, तो खर्च धरावाच.

कमरेला छोटे पिस्तूल बाळगणाऱ्याने टीएलआर-६ घ्यावा. घरात तिजोरीत ठेवलेल्या, रेल असलेल्या पिस्तुलाला टीएलआर-८ योग्य. भावाचे पिस्तूल तिजोरीतलेच आहे.