तांबी, हार्मोनची कॉइल की तीन महिन्यांचं इंजेक्शन?

पाळणा लांबवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो: सगळ्यात खात्रीचं काय? या तिघांपैकी निवडायचं असेल तर या प्रश्नावर फार वेळ घालवू नये, असं माझं मत आहे. तांबी बसवलेल्या १००० जणींपैकी पहिल्या वर्षात साधारण ८ जणींना दिवस राहतात. हार्मोनच्या कॉइलवर, म्हणजे गर्भपिशवीत बसवायच्या ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल या हार्मोनच्या साधनावर, हा आकडा १ ते २ आहे. दर तीन महिन्यांनी टोचायचं हार्मोनचं इंजेक्शन दर वेळी तारखेला घेतलं तर तेही २ वरच थांबतं, पण रोजच्या आयुष्यात तो आकडा ४० ते ६० होतो. औषध तेच असतं, तारीख मात्र चुकते.

अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये ‘चॉइस’ नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात ९,००० हून अधिक स्त्रियांना साधनं फुकट दिली आणि निवड त्यांच्यावर सोडली. बहुतेकींनी कॉइल किंवा दंडात बसवायचं इम्प्लांट निवडलं. वर्षभरानंतर दोन्ही प्रकारच्या कॉइल, म्हणजे तांबी आणि हार्मोनची, ८० टक्क्यांहून जास्त जणींकडे टिकून होत्या, इंजेक्शन मात्र सुमारे ५७ टक्केच घेत होत्या. त्यामुळे खात्रीचा तक्ता बाजूला ठेवून आधी हे विचारावं की यातलं कोणतं साधन माझ्याच्याने वर्षभर सोसवेल. ते बहुतेक वेळा पाळीवर ठरतं.

तांबीत हार्मोन नसतं. तांबं शुक्रजंतूंना निकामी करतं, बीजकोशाचं काम नेहमीसारखं चालू राहतं, म्हणून पाळी वेळेवर येते. पण जास्त जाते. पहिले तीन ते सहा महिने पोटात कळा येतात, कपडे खराब होण्याची धास्ती राहते, एरवी चार दिवसांची पाळी सहावर जाते. आयबुप्रोफेनसारख्या गोळीने कळा आणि रक्तस्राव दोन्ही थोडे आवरतात. ज्यांची पाळी मुळातच जड आहे किंवा हिमोग्लोबिन कमी आहे, त्यांना मी तांबी सुचवणार नाही. ज्यांना हार्मोन अजिबात नको, किंवा दर महिन्याला पाळी आली की जीव भांड्यात पडतो, त्यांच्यासाठी तीच बरी. शिवाय ती दहा वर्षं किंवा त्याहून जास्त चालते.

हार्मोनच्या कॉइलचं उलटं असतं. सुरुवातीचे काही महिने अवेळी डाग लागतात, आणि हे त्रासाचं असतं, कारण कधी लागतील याचा नेम नसतो. मग पाळी हलकी होत जाते. वर्षाच्या शेवटी साधारण पाचातल्या एकीची ती थांबते. जड पाळीवर उपचार म्हणूनही हीच कॉइल बसवतात. पाळी थांबली म्हणजे रक्त आत साठतंय, ही समजूत मात्र डोक्यातून काढून टाकावी. गर्भपिशवीचं अस्तर पातळच राहतं, त्यामुळे बाहेर पडायला काही नसतं.

इंजेक्शनवरही पहिल्या महिन्यांत अंगावरून अनियमित जातं आणि वर्षभर घेतल्यावर जवळजवळ निम्म्या जणींची पाळी बंद होते. काहींचं वजन वाढतं. त्याची खरी अडचण वेगळीच आहे: टोचलं की ते परत काढता येत नाही. त्रास झाला तरी औषध उतरेपर्यंत थांबावं लागतं. आणि वर्षभरात मूल हवं असेल तर हा मार्ग नकोच, कारण शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सरासरी नऊ-दहा महिने लागतात. कॉइलचं तसं नाही, ती काढली की लगेच दिवस राहू शकतात.

भीतीच्या गोष्टींबद्दल थोडं. इंजेक्शनमुळे एचआयव्हीचा धोका वाढतो का, यावर वर्षानुवर्षं वाद होता. आफ्रिकेतल्या चार देशांत ७,८२९ स्त्रियांवर केलेल्या चाचणीत इंजेक्शन, तांबी आणि इम्प्लांट यांत लक्षणीय फरक आढळला नाही. तिचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. हाडांची घनता इंजेक्शनवर थोडी घटते आणि बंद केल्यावर बरीचशी भरून येते. फ्रान्समधल्या २०२४ च्या अभ्यासात हे इंजेक्शन वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्यांत मेंदूच्या आवरणाच्या मेनिन्जिओमा या गाठीचं प्रमाण वाढलेलं दिसलं. गाठ मुळात विरळ आहे, पण आधी झालेली असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. कॉइलबद्दलची भीती बरीचशी १९७० च्या दशकातल्या डॅल्कन शील्ड नावाच्या जुन्या कॉइलची देणगी. त्या साधनाच्या दोऱ्यातून जंतू वर चढत. आजच्या कॉइलला संसर्गाचा धोका मुख्यतः बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत असतो. हजारात एक-दोघींच्या बाबतीत ती पिशवीला टोचते, काहींची आपोआप निसटते, म्हणून योनीत बोटाला लागणारा तिचा दोरा तपासायला शिकून घ्यावं. बसवताना दुखतं, काहींना फार दुखतं, तेव्हा बधिर करायचं औषध मागायला लाजू नये. लैंगिक आजारांपासून तिघांपैकी कोणीच वाचवत नाही, तिथे कंडोमच लागतो.

गर्भपातानंतर निवड करायची असेल तर वेळ महत्त्वाची. बीज आठ-दहा दिवसांतच पुन्हा सुटू शकतं, म्हणून ‘पाळी येऊ दे, मग बघू’ म्हणणं महागात पडतं. पिशवी यंत्राने रिकामी केली असेल तर त्याच बैठकीत कॉइल बसवता येते, गोळ्यांनी केलं असेल तर गर्भपात पूर्ण झाल्याची खात्री झाल्यावर. इंजेक्शन गोळीच्या दिवशीही देतात, फक्त त्यामुळे गर्भ टिकून राहण्याची शक्यता किंचित वाढते, तेव्हा नंतरची तपासणी टाळू नये. असुरक्षित संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी मात्र तातडीच्या गोळीपेक्षाही खात्रीची असते.

आणि एक प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. इंजेक्शन बंद करायला कुणाची परवानगी लागत नाही, पुढच्या तारखेला जायचं नाही, झालं. कॉइल काढायला दुसरं कुणीतरी लागतं. म्हणून बसवण्याआधीच विचारा की मला नको वाटली तर इथेच, कारणं न विचारता काढून द्याल का. उत्तरात ‘आधी सहा महिने बघू’ आलं, तर कॉइल कितीही चांगली असो, ती दुसरीकडे बसवा.