घर बायकोच्या नावावर करावं की फॅमिली ट्रस्टमध्ये टाकावं?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली ओळखीची पोरं हल्ली हा प्रश्न सारखा विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो. धंद्याच्या कर्जाला पर्सनल गॅरंटी दिली, म्हणजे धंद्याने फेडलं नाही तर मी स्वतः फेडेन असं लिहून दिलं, की राहतं घरसुद्धा पणाला लागतं हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. मी दोन्ही केलंय, वडगावचा फ्लॅट बक्षीसपत्र करून बायकोला दिला आणि टिळकवाडीचं घर ट्रस्टमध्ये टाकलं, म्हणजे ट्रस्टींच्या ताब्यात दिलं, त्यांनी ते लाभार्थ्यांसाठी सांभाळायचं.

दोन्हीला एक अट मात्र सारखीच, हे सगळं हप्ते वेळेवर जात असताना करायचं. नोटीस आल्यावर घर फिरवलं तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53 खाली घेणेकरी कोर्टात जाऊन ते रद्द करून घेऊ शकतात, आणि नादारी (दिवाळखोरी) जाहीर झाली तर 1920 च्या नादारी कायद्याने त्यासाठीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत फुकट दिलेली मालमत्ताही परत ओढली जाऊ शकते. आधीच गहाण दिलेलं घर तर कशानेच सुटत नाही.

बक्षीसपत्र सोपं आहे यात वादच नाही. वकील लगेच लिहून देतो, रजिस्टर केलं की झालं. फ्लॅटचं भाडं आपल्याच उत्पन्नात धरतात, पण ते चालतं.

मला खटकलं ते वेगळंच. सीसी लिमिटच्या (धंदा चालवायला बँक देते त्या कॅश क्रेडिट कर्जाच्या) रिन्यूअलला गेलो तर बँक मॅनेजरने सर्च रिपोर्ट, म्हणजे मालमत्ता कुणाच्या नावावर आहे त्याचा अहवाल, बघितला आणि म्हणाला, "फ्लॅट मॅडमच्या नावावर आहे ना, मग मॅडमना गॅरंटर घेऊ." फॉर्मवर तिच्या सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारून ठेवलेली. माल अडकलेला, पगार तोंडावर, काय करणार, सही झाली. आता गॅरंटर म्हणजे मूळ कर्जदाराइतकाच देणेकरी, म्हणजे जे वाचवायला तिच्या नावावर केलं ते तिच्याच सहीने परत बँकेच्या हाताखाली गेलं. आणि दर रिन्यूअलला हेच. त्यात उद्या ती मृत्युपत्र न करता गेली तर हिंदू वारसा कायद्याने मुलांबरोबर नवराही वारस, म्हणजे एक हिस्सा माझ्याकडे आणि तिथून माझ्या घेणेकऱ्यांकडे.

ट्रस्टमध्ये हे दार बंद होतं. माझा ट्रस्ट रद्द न करता येणारा आहे, लाभार्थी बायको आणि मुलं, कुणाला किती द्यायचं ते ट्रस्टींनी ठरवायचं, ट्रस्टी बायको आणि चंदगडचा मेहुणा. मी लाभार्थी नाही, ट्रस्टी पण नाही. डीडमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या दस्तात, स्पष्ट लिहून घेतलंय की ट्रस्टची मालमत्ता कुणाच्याही कर्जाला गहाण देता येणार नाही, जामीनही राहता येणार नाही. पुढच्या वेळी मॅनेजरने घराचा विषय काढला, मी डीडची झेरॉक्स पुढे केली, त्याने ते कलम वाचलं आणि कागद परत दिला. सगळ्या बँका असंच वागतील असं म्हणत नाही.

त्रास ट्रस्टमध्येही आहे. वेगळा पॅन, वेगळं खातं, भाडं येत असेल तर अशा ट्रस्टला बहुतेक वेळा वरच्या दराने टॅक्स, आणि सहीसाठी मेहुण्याला चंदगडहून बोलवावं लागतं. घर मात्र पुन्हा आपलं होत नाही, ते मनाने मान्य असेल तरच करा. शेती मी यात घातली नाही, उताऱ्यावर भावांची नावं आहेत.

आणि व्हिडिओ बघून "स्वतःच ट्रस्ट करा, स्वतःच लाभार्थी व्हा" असलं काही करू नका. ते अमेरिकेतलं, अलास्काने 1997 मध्ये तसा कायदा केला आणि मग बाकी काही राज्यांनी. आपल्याकडे तुमचा लाभ म्हणजे तुमचीच मालमत्ता, त्यावर जप्ती येऊ शकते.

ज्याला बँकेचं कर्जच नाही त्याला बक्षीसपत्र पुरेल बहुतेक. माझं विचाराल तर वडगावचा फ्लॅटही त्याच ट्रस्टमध्ये न्यायचाय, पण आधी ते सीसी लिमिट फेडून बायकोची गॅरंटी सोडवून लेखी पत्र घ्यावं लागेल, ते चाललंय सध्या.