डिसेंबरच्या सुट्टीत सहकुटुंब निसर्गदर्शन: नाथसागर की गौताळा?

मुले आणि घरातील वडीलधारी मंडळी सोबत घेऊन डिसेंबर-जानेवारीत एखादा दिवस पशुपक्ष्यांच्या सहवासात घालवावा, जमल्यास चार चांगली छायाचित्रे काढावीत, असे ठरवले की छत्रपती संभाजीनगर परिसरातील कुटुंबांपुढे दोन नावे येतात. एक पैठणचा नाथसागर, म्हणजेच जायकवाडी पक्षी अभयारण्य, आणि दुसरे कन्नडजवळचे गौताळा औट्रमघाट अभयारण्य. दोन्हींना १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि शहरातून पहाटे निघून संध्याकाळी परतणे दोन्हीकडून शक्य आहे. मात्र हिवाळ्यात ही दोन ठिकाणे पाहुण्याला जे देतात, त्यात मोठा फरक आहे.

गोदावरीवरील जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि त्यामागे सुमारे ५५ किलोमीटर लांबीचा, बराचसा उथळ असा जलाशय पसरला. पाणी ओसरू लागले की काठची काळी जमीन उघडी पडते, शेतकरी तेथे गाळपेर करतात, आणि त्याच कोवळ्या गव्हा-हरभऱ्यावर पट्टकादंब उतरतात. तिबेट आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेला हा हंसवर्गीय पक्षी पांढऱ्या डोक्यावरील दोन काळ्या पट्ट्यांमुळे लहान मुलालाही पहिल्याच दिवशी ओळखता येतो. एकदा बांधाआड बसून आम्ही एक थवा अर्धा तास पाहिला. बाकीचे मान खाली घालून हरभऱ्याचे शेंडे खुडत होते, एक मात्र सतत मान ताठ ठेवून उभा होता, आणि थोड्या वेळाने त्याने मान खाली घालताच दुसऱ्याने वर केली. हा पहारा माझ्या सात वर्षांच्या मुलीच्या माझ्याआधी लक्षात आला. चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, वारकरी, शेकाट्या हे पाणपक्षी तर काठाकाठाने फिरताना सहज दिसतात. रोहित पक्ष्यांचे (फ्लेमिंगो) तेवढे खात्रीने सांगता येत नाही, कारण त्यांना चिखलाचे उथळ पाणी लागते; पावसाळा चांगला होऊन धरण काठोकाठ भरले असेल तर डिसेंबरपेक्षा फेब्रुवारीत त्यांची आशा अधिक धरावी.

छायाचित्रणाच्या दृष्टीने पैठणची बाजू आणखी एका कारणाने सोयीची आहे. गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते आणि धरण जलाशयाच्या पूर्व टोकाला आहे. त्यामुळे त्या बाजूच्या काठावर उभे राहिल्यास सकाळचे ऊन आपल्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर येते. साधारण ३०० मिलिमीटरची लेन्स पुरेशी आहे, उडत्या पक्ष्यासाठी शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाहून जलद ठेवावे, आणि मोबाईलच असेल तर तो दुर्बिणीच्या भिंगाला लावून ओळख पटण्याइतके चित्र नक्की मिळते. वेळ मात्र पाळावी. पहिल्या खेपेस आम्ही दहा वाजता पोहोचलो आणि तोवर तापून हलू लागलेल्या हवेमुळे दूरवरचे सगळे पक्षी अस्पष्ट आले. थवा उडावा म्हणून खडा मारणे किंवा गलका करणे कृपया कोणीही करू नये, मुलांनाही करू देऊ नये; मार्चमधील परतीच्या प्रवासासाठी जी चरबी साठवायची, ती अशा प्रत्येक उड्डाणात खर्च होते.

गौताळ्याचे आकर्षण निराळे आहे. सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या या शुष्क पानझडी जंगलात बिबट्या, अस्वल, रोही (नीलगाय), चिंकारा, रानडुक्कर आहेत, आणि २०२१ मध्ये यवतमाळमधील टिपेश्वरातून एक वाघही चालत येथे पोहोचला होता. या बातमीमुळे अनेकजण मुलांना वाघ दाखवण्याचे कबूल करून निघतात, हे मला योग्य वाटत नाही. हिवाळ्यात गवत उंच असते, ओढ्यानाल्यांत ठिकठिकाणी पाणी असते, त्यामुळे प्राण्यांना एका पाणवठ्यावर येण्याची गरज पडत नाही, आणि बिबट्या व अस्वल बहुधा रात्रीच फिरतात. वानरे, क्वचित रोही आणि मातीवरील ठसे, एवढे धरून गेल्यास निराशा होत नाही. झाडीत प्रकाश कमी असल्याने साध्या कॅमेऱ्याची तेथे परीक्षाच होते. जवळच्या पितळखोऱ्याच्या प्राचीन बौद्ध लेण्यांमुळे दिवस भरगच्च होतो, पण तेथील पायऱ्या गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना झेपणाऱ्या नाहीत.

बीड जिल्ह्यातील नायगाव मयूर अभयारण्याचाही विचार काहीजण करतात. मोराचा पिसारा पावसाळ्यानंतर गळतो आणि डिसेंबरात तो पुरता आलेला नसतो, म्हणून पिसाऱ्याच्या चित्रासाठी हा ऋतू नव्हे.

दहा वर्षांच्या आतील मुले किंवा साठीपुढील माणसे सोबत असतील आणि हाती एकच दिवस असेल, तर मी निःसंकोच नाथसागर सुचवीन. मुले मोठी असून न बोलता दोन तास चालू शकत असतील, ठसा कोणाचा हे शोधण्यात त्यांना गोडी असेल, तर गौताळा घ्यावा आणि प्रवेशाची वेळ व परवानगी वनविभागाकडे आधी विचारून घ्यावी. पैठणला जाणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी काठावरील एखाद्या मासेमाराला पाणी कोठवर आले आहे आणि थवे कोणत्या बाजूला बसतात, एवढे विचारावे. सकाळचा तासभर वाचतो.