दातांना क्लिप लावल्यावर तोंड दुखतं: मेण, मिठाचं पाणी, जेल की गोळी?

पोरीच्या दातांना क्लिप बसवून आणली त्या संध्याकाळी ती पोटभर जेवली. मला वाटलं, सुटलो. रात्री दोनला तिने उठवलं, "आई, सारे दात ठणकून राह्यले." सकाळी सासूबाईंनी लवंगाचं तेल काढलं, शेजारच्या काकूंनी जाईचा पाला आणला आणि मेडिकलवाल्याने जेलची ट्यूब दिली. डॉक्टरांनी दिलेली, क्लिपवर लावायच्या मेणाची डबी मात्र दप्तरातच पडून होती. आमच्या गावाहून दवाखाना एसटीने दीड तास. ठणका लागला की पळायची सोय नाही, त्यामुळे घरात काय ठेवायचं हे चुकतमाकतच कळलं.

आधी बघा, दुखतंय कुठे. तारेने दात ओढला जातो त्याचा ठणका वेगळा. तो काही तासांनी सुरू होतो, दुसऱ्या दिवशी चढतो आणि आठवडाभरात उतरतो. ब्रॅकेटचा, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याचा, कोपरा घासून गाल-ओठ सोलतात, तोंड येतं, ते दुखणं वेगळं. ठणक्याला मेण काही करत नाही, आणि सोललेल्या गालावर नुसत्या गोळ्या खाऊन भागत नाही, कारण घासणं सुरूच असतं.

ठणक्याला आमच्याकडे पॅरासिटामॉल, तीही पहिले एक-दोन दिवसच. मुलांचा डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. आयब्युप्रोफेनही काम करते, पण दात सरकताना हाडात जी प्रक्रिया चालते तिच्यात ही गोळी थोडी आड येऊ शकते, म्हणून बरेच डॉक्टर पॅरासिटामॉल आधी सांगतात. एखाद्या गोळीने उपचार बिघडत नाही. पण उपाशीपोटी घेतली तर पोट जळतं, आणि मे महिन्यात उन्हातून आलेल्या, पाणी कमी प्यायलेल्या पोराला ती दिली तर मूत्रपिंडांवर ताण येतो. आपल्याकडचं ऊन पाहता माझं मत पॅरासिटामॉललाच.

गाल सोलला असेल तर मेणाला तोड नाही. फक्त ओल्या ब्रॅकेटवर ते टिकत नाही. पोरगी आता स्वच्छ सुती कापडाच्या टोकाने ब्रॅकेट कोरडं पुसते, वाटाण्याएवढी गोळी बोटांत मळते, दाबून बसवते आणि आरशात बघते. जेवायच्या आधी काढायचं, ब्रश झाल्यावर नवं लावायचं. चुकून गिळलं तर घाबरू नका. उन्हाळ्यात डबी दप्तरात ठेवली की मेणाचा लगदा होतो, म्हणून आमची डबी माठाशेजारी असते.

सोबत मिठाचं पाणी. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून तीन-चार गुळण्या. त्याने घासणं थांबत नाही, पण फोड स्वच्छ राहतो आणि खर्च जवळपास शून्य. मेण आणि मीठ यांत एकच निवडायचं असेल तर मेण. पण निवडायचं कशाला?

जेलचं तसं नाही. बधिर करणारं जेल जेवणाआधी लावलं तर चार घास सुखाने जातात, मग गुण संपतो. ट्यूबवर कोलीन सॅलिसिलेट लिहिलंय का, ते वाचा. ते ॲस्पिरिनच्या कुळातलं आहे. ब्रिटनमध्ये २००९ पासून असं जेल १६ वर्षांखालच्या मुलांना वापरू नका असं सांगतात. माझी पोरगी तेरा वर्षांची, म्हणून आमची ट्यूब कपाटातच राहिली.

लवंगाच्या तेलावरून घरात थोडी कुरबुर झाली. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी यानंच दाढ थांबायची वं." थांबत असेल, पण आमच्याकडे बोळा सरकला आणि गालावर पांढरा चट्टा पडला. शुद्ध तेल नाजूक कातडीला भाजतं. जाईचा पाला चावायचा म्हटलं तर ठणकत्या दातांनी चावणार कसा? शिवाय पाला तारांत अडकतो. मधही नको, तो ब्रॅकेटभोवती चिकटून दात किडवतो. फोडावर साजूक तूप लावलं तर तेवढ्यापुरतं बरं वाटतं, त्याला माझी हरकत नाही.

खाण्यात फार फरक पडतो. पहिले दोन-तीन दिवस भाकर नुसती नको, दुधात कुस्करून द्या. ज्वारीच्या कण्या, मऊ वरणभात, गोळाभात चालतो. ठेचा, तर्री आणि आंबट संत्रं फोडावर आग लावतात. फुटाणे, ऊस आणि बर्फ चावणं तर पूर्ण बंद, कारण ब्रॅकेटच निघून येतं. हळदीने आमच्या ब्रॅकेटवरच्या निळ्या रबरी कड्या हिरव्या झाल्या. पोरगी रुसली, पण कड्या पुढच्या खेपेला बदलतात.

मोठ्या पोरांसाठी एक. खर्रा (सुपारी-तंबाखू) खात असाल आणि तिखट नेहमीच झोंबत असेल, तोंड पूर्वीइतकं उघडत नसेल, तर खापर क्लिपवर फोडू नका. नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) इथल्या दंत महाविद्यालयात दाखवून या.

तारेचं टोक गालात घुसलं तर मेण लावून डॉक्टरांना फोन करा. आमच्या ओळखीतल्या एकाने पक्कडीने तार कापली आणि तुकडा पोराच्या घशाकडे गेला. खोकला आला म्हणून वाचलं. फोड दोन आठवड्यांत भरला नाही, किंवा सूज नि ताप आला, तर एसटीचे दीड तास मोजत बसू नका.